चिमणीचा श्वास

दातवालीला गाता येत नव्हतं, आणि ही गोष्ट तिने केव्हाच मान्य करून टाकली होती. शाळेत समूहगीताच्या बाईंनी एकदा तिच्या तोंडाजवळ कान नेला आणि हळूच सांगितलं, "तू नुसते ओठ हलव, बाळ." ती मन लावून ओठ हलवत राहिली. वर्गाला बक्षीस मिळालं तेव्हा तिलाही इतरांसारखीच पेन्सिल मिळाली. त्यानंतर ती आंघोळ करतानासुद्धा कधी गुणगुणली नाही.

तिचं काम कवळ्या करण्याचं. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे, ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, घासायची, चमकवायची. दातवाली हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. त्याचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. "आमच्या घरात मी लोकांची दारं उघडतो आणि ही लोकांची तोंडं," असं तो येईल त्याला सांगायचा. सासूबाईंची कवळीही तिच्याच हातची. दुपारी जेवण झालं की सासूबाई ती काढून वाटीत ठेवत आणि मग त्यांचं बोलणं नुसतं हवेवर चालायचं.

"आई, तुमचा 'स' कुठे गेला?"

"वाटीत," सासूबाई म्हणायच्या, आणि दोघी हसत सुटायच्या.

लॅबमध्ये नवं स्कॅनिंग मशीन आलं तेव्हाची गोष्ट. ते बसवायला आलेल्या माणसाने काम करताना गाणं लावलं होतं. बाईचा आवाज होता. गोड, थोडा लहान मुलीसारखा, आणि इतका मोकळा की दातवालीचा हात मेणावरच थांबला.

"छान गाते. कोण आहे?"

"कोणीच नाही," मशीनवाला म्हणाला.

"म्हणजे?"

"बाई नाहीच. नुसता आवाज आहे. कॉम्प्युटरवर सूर मांडायचे, त्याखाली अक्षरं लिहायची, की तो गातो. तुम्हालाही करता येईल."

तुम्हालाही करता येईल. गाण्याच्या बाबतीत हे तिला आजवर कोणीच म्हटलं नव्हतं.

त्या रविवारी तिने ते सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर घेतलं. पडद्यावर आडव्या पट्ट्या. पट्टी वर सरकवली की सूर चढा, खाली आणली की उतरता, लांब ओढली की लांब. प्रत्येक पट्टीवर एक अक्षर. सकाळभर खपून तिने चार ओळी मांडल्या आणि घरातल्यांना बोलावलं. आवाज निघाला खरा, पण ठोकळ्यावर ठोकळा ठेवल्यासारखा.

नवरा ऐकून घेत म्हणाला, "ही बाई गातेय की तिकिटं फाडतेय?"

सासूबाई दयाळू. त्या म्हणाल्या, "हिला आधी जेवायला घाल गं. फार दमलेली वाटते."

हसण्यावारी गेलं, पण दातवाली हिरमुसली. पुढचे कितीतरी रविवार तिने पट्ट्या इकडच्या तिकडे केल्या. सूर बरोबर होते, ताल बरोबर होता, आणि तरी आत कोणी नव्हतं. आपल्याला इथेही नुसते ओठच हलवायचे आहेत, असं वाटून ती सोडायच्या बेताला आली होती.

असं करणाऱ्या लोकांची एक साइट होती. तिथे माणसं आपली गाणी ठेवत. काही जण गाण्याबरोबर प्रोजेक्ट फाइलही ठेवत. गाणं म्हणजे ताटात वाढलेलं जेवण, आणि फाइल उघडली की थेट स्वयंपाकघर दिसतं: मीठ कुठे घातलं, झाकण कधी ठेवलं, आणि कुठे हात भाजला तेसुद्धा. बहुतेकांना आपलं स्वयंपाकघर दाखवायचं नसतं. तिथे 'चिमणी' नावाने कोणीतरी मात्र आपली प्रत्येक फाइल ठेवत होती. खाली दरवेळी तेच लिहिलेलं: 'घ्या. वापरा, मोडा, बदला. नाव टाकलंत तर आनंद, नाही टाकलंत तर राग नाही.'

दातवालीने एक फाइल घेतली आणि उघडली. आणि तिला कळलंच नाही की चहा निवून गेला.

सूर कुठेच सरळ नव्हते. प्रत्येक सुराची रेघ खालून किंचित उचलत वर यायची, जशी एखादी व्यक्ती पायरी चढताना आधी गुडघा वाकवते. लांब सुराला कंप होता, पण तो लगेच सुरू होत नव्हता. सूर आधी नुसता उभा राहायचा आणि मग थरथरायचा. ओळ संपता संपता आवाज थोडा थकवला होता. आणि दोन ओळींच्या मध्ये, जिथे दातवाली रिकामी जागा सोडायची, तिथे चिमणीने श्वास ठेवला होता. एकसारखा नाही. लहान ओळीआधी चोरटा, लांब ओळीआधी पोटभर, आणि एका ठिकाणी, कडव्याच्या मध्ये, श्वास घ्यायला उशीर झालेला, म्हणून घाईत ओढलेला.

"अहो, इकडे या," तिने नवऱ्याला हाक मारली. "हे बघा. हिने चूक मुद्दाम ठेवलीय."

नवऱ्याने ऐकलं. या वेळी तिकिटांचं नाव काढलं नाही. "ही बाई दमली की दमल्यासारखी गाते," तो म्हणाला. "खरी वाटते."

त्या दिवशी दातवालीने चिमणीला लांबलचक निरोप लिहिला. शाळेतली ती पेन्सिल, वाटीतला 'स', मेणावर थांबलेला हात, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'तुम्ही कोण मला माहीत नाही, पण तुम्ही मला तुमच्या शेजारी बसवून शिकवलंत.' उत्तराची वाट बघितली. उत्तर आलं नाही. तिला वाईट वाटलं नाही. देणाऱ्याने द्यायचंही आणि वर बोलायचंही, असा काही नियम नाही.

मग ती चिमणीच्या फाइलीच घेत गेली. एक उघडून बघायची, त्यावर हात बसवायची, आणि आठवड्याभराने स्वतःचं काहीतरी करायची. एक गोष्ट मात्र तिची तिलाच उमगली. आपण 'सा' म्हणतो तेव्हा 'स्' आधी निघतो, ताल पडतो तो 'आ'वर. अक्षर तालावर ठेवलं की गाणं लंगडतं. त्यातलं व्यंजन तालाच्या किंचित आधी सरकवलं की सरळ चालतं. हे तिला कवळ्यांनी शिकवलं होतं. नवे दात लावलेला माणूस आधी 'स' आणि 'फ' वरच अडखळतो. ती त्याला समोर बसवून आकडे म्हणायला लावायची आणि जीभ कुठे टेकते ते बघायची. तेच ती आता पडद्यावर बघू लागली.

तिने स्वतःचं पहिलं गाणं साइटवर ठेवलं तेव्हा नाव तेच घातलं जे चिमणीच्या निरोपाखाली लिहिलं होतं, 'नुसतेओठ', आणि फाइलही ठेवली. खाली लिहिलं, 'श्वास चिमणीचा आहे. मी फक्त उसना घेतलाय.'

तिचं बघून आणखी कोणी तसंच लिहिलं. मग आणखी कोणी. हळूहळू त्या लोकांत 'चिमणीचा श्वास' हा शब्दच रूढ झाला. नवीन माणूस गाणं ठेवायचा आणि कोणीतरी खाली सांगायचं, 'सूर छान, पण चिमणीचा श्वास घाल.' नवा विचारायचा, 'ही चिमणी कोण?' कोणालाच माहीत नसायचं.

काही वर्षांनी ती साइट बंद पडली. चालवणाऱ्याने आधी सांगितलं होतं, ज्यांनी ऐकलं त्यांनी आपापलं सामान उचललं. मंडळी दुसऱ्या एका साइटवर जमली. चिमणी तिथे आली नाही.

आणि मग एके दिवशी, लॅबमध्ये डबा खाताना, दातवालीच्या फोनवर एक निरोप आला.

'नमस्कार. तुम्हीच नुसतेओठ ना? मी चिमणीची बायको.'

तिने घास खाली ठेवला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. इतकी वर्षं तिच्या डोळ्यांसमोर एक नाजूक, चष्मा लावणारी मुलगी होती.

निरोप पुढे असा होता: 'आमच्या ह्यांचा जुना कॉम्प्युटर मी देऊन टाकला. जुनं सामान नेणारा दारात आला होता, मुलाने नवा आणून दिला होता, म्हटलं अडगळ कशाला. त्यात ह्यांची सगळी गाणी होती हे मला माहीत नव्हतं. म्हणजे गाणी करतात हे माहीत होतं, पण ती त्या खोक्यात राहतात हे नव्हतं. ह्यांनी येऊन रिकामी जागा बघितली आणि म्हणाले, बरं झालं, जागा झाली. बस. ओरडले असते तर मी दोन घास सुखाने खाल्ले असते. आता रोज नव्या कॉम्प्युटरसमोर बसतात आणि हवामान बघतात. आपण जिथे जन्मात जाणार नाही अशा गावांचंसुद्धा. तुमचा जुना निरोप मला माहीत आहे, म्हणून तुम्हाला शोधलं. तुमच्याकडे त्यांचं काही आहे का?'

दातवालीने उरलेला डबा तसाच बंद केला आणि बाहेर जिन्यात जाऊन दिलेल्या नंबरवर फोन लावला.

"काकू, मी नुसतेओठ," ती म्हणाली, आणि हे मोठ्याने म्हणायला किती विचित्र वाटतं ते तिला पहिल्यांदाच कळलं. "माझ्याकडे आहेत. पुष्कळ आहेत. मी घेतलेली एकही फाइल टाकलेली नाही."

पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला. "हळू बोला हं," काकू म्हणाल्या. "ते आतच आहेत. त्यांना सांगितलेलं नाही."

"पण माझा निरोप तुम्हाला कसा माहीत?"

"अहो, मला पाठ आहे तो! नाश्त्याला वाचून दाखवला होता. दाताचा, वाटीतल्या 'स'चा. मी हसले, हे रडले. मग उत्तर लिहायला बसले. लिहायचे, पुसायचे. म्हणाले, एवढ्या चांगल्या पत्राला मी काय लिहू? असं करत करत राहूनच गेलं. लिफ्ट तपासायची नोकरी होती हो त्यांची. पोलादी दोराला काय झालंय ते एका बोटाने सांगतील, पण शब्द म्हटलं की घाम फुटतो."

दातवाली जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. उत्तर आलं नव्हतं असं तिला आजवर वाटत होतं. ते कुठेतरी एका टेबलापाशी कितीदा तरी लिहिलं गेलं होतं.

काकूंना गाण्यांची नावं येत नव्हती. त्या गुणगुणून दाखवायच्या आणि दातवाली ओळखायची. "हे आहे. हेही आहे. हे आहे, काकू." एका गाण्यापाशी मात्र ती अडली. चाल साधी होती, झोका घेतल्यासारखी.

"हे नाही माझ्याकडे. हे कधीचं?"

"अगदी पहिलं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला. "शब्द माझे आहेत. म्हणजे शब्द कसले, दोन ओळी. हे नोकरीसाठी गावोगाव असायचे. मी एकटी. दोरीवर ह्यांचा शर्ट वाळत घातला की वाऱ्याने बाही हलायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून वाटायचं, आले!" त्यांनी हळू आवाजात म्हणून दाखवलं:

"दोरीवरती वाळत बसला शर्ट तुझा निळा,
वारा आला, बाही हलली, मला वाटलं, आला!"

"काकू," दातवाली म्हणाली, "मी शोधते."

म्हणायला सोपं होतं. साइट गेलेली, आणि पहिलं गाणं म्हणजे दातवाली तिथे यायच्याही आधीचं. तिने नव्या जागी चार ओळी लिहिल्या: चिमणीच्या फाइली चिमणीकडून गेल्या आहेत. कोणाकडे काही असेल तर पाठवा. एक गाणं विशेष हवं आहे, कपड्यांच्या दोरीचं. कोणाच्या हातून गेल्या ते लिहिलं नाही.

संध्याकाळी घरी जाऊन पाहते तो निरोपांची रांग. लहान मुलांच्या वॉर्डातली एक नर्स होती. तिने लिहिलं, 'माझ्याकडे तीन आहेत. एकाचा वेग मी निम्मा केलाय, मुलं झोपतात त्यावर. मूळचंही ठेवलंय.' एक ट्रकवाला होता. तो गाडी रिकामी होईपर्यंत केबिनमध्ये बसून सूर मांडायचा. 'चिमणीची फाइल उघडली की माझी झोप उडते,' त्याने लिहिलं, 'मी दहावी नापास, पण हे मला समजलं, कारण तिने काही लपवलं नव्हतं.' आणखीही बरेच होते. प्रत्येकाने फाइल जोडली होती, आणि जवळजवळ प्रत्येकाने तेच कबूल केलं होतं: आभार मानायचे राहून गेले, मानायचे तर आहेत, आता पोचवाल का?

"ही सगळी तुझ्या ओळखीची?" नवऱ्याने तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

"एकही नाही."

"मग एवढं करतायत?"

"त्यांनाही कोणीतरी असंच दिलं होतं ना," दातवाली म्हणाली.

दोरीचं गाणं मात्र येईना. दिवस गेले. काकू फोनवर विचारायच्या नाहीत, पण फोन ठेवायच्याही नाहीत. शेवटी एका बालवाडीच्या बाईंचा निरोप आला. नव्या साइटवर त्या फारशा यायच्याच नाहीत. कोणीतरी त्यांना मुद्दाम कळवलं होतं.

'उशीर झाला, माफ करा,' त्यांनी लिहिलं होतं. 'ते गाणं माझ्याकडे आहे. खरं तर आमच्या अख्ख्या बालवाडीकडे आहे. मी त्याचे शब्द बदलले. शाळा सुटताना मुलं रडारड करायची, दप्तरं मिळायची नाहीत, म्हणून हे बसवलं. आता रोज सुटताना म्हणतात. मूळची फाइल हात न लावता ठेवली आहे. दोन्ही पाठवते.'

बदललेले शब्द असे होते:

"खुंटीवरती लोंबत बसली पिशवी माझी निळी,
घंटा झाली, आई आली, घरी पळाली खुळी!"

दातवालीने हे काकूंना फोनवर ऐकवलं. तिला जरा भीती होती. काकू ऐकत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की पलीकडून पुरुषी आवाजात कोणीतरी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही, काही नाही, दात दुखतोय," काकू म्हणाल्या. मग दातवालीला, कुजबुजत: "तुम्हीच या. रविवारी या. पाहुणे येणार एवढंच सांगते."

बसने दोन-तीन तासांचा रस्ता होता. नवऱ्याला दुकान होतं. सासूबाई म्हणाल्या, "मी येते. एवढी वर्षं त्या चिमणीचं नाव ऐकतेय, एकदा बघू तरी दे." त्यांनी कवळी घासून घासून लखलखीत केली.

दार उघडलं ते चिमणीनेच. दार भरून उरेल असा माणूस होता. खांदे कपाटाएवढे, हात फावड्याएवढे. "या," तो म्हणाला, आणि तो एक शब्द इतक्या बारीक, कोवळ्या आवाजात निघाला की नाव कुठून आलं ते वेगळं विचारावं लागलं नाही. सासूबाईंनी सुनेला कोपर मारलं. दातवालीने चेहरा सरळ ठेवला.

घर तिसऱ्या मजल्यावर, नीटनेटकं. खिडकीशी टेबल, टेबलावर नवा कॉम्प्युटर, आणि त्यावर खरोखरच हवामान: कुठल्याशा बंदरावर ढग होते. काकूंनी चहा आणला, बिस्किटं आणली, आणि पाणी आणण्याच्या निमित्ताने त्या ज्या आत गेल्या त्या बाहेर येईनात.

दातवालीने वाटेत पुष्कळ ठरवलं होतं. आता काहीच आठवेना. तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाली, "काका, मी नुसतेओठ."

काकांनी कप खाली ठेवला. "दातवाल्या बाई," ते म्हणाले. "वाटीतला 'स'."

"तो 'स' माझा," सासूबाईंनी लगेच सांगितलं.

"मी उत्तर लिहिलं नाही," काका म्हणाले.

"मला कळलं. म्हणजे, लिहिलंत ते कळलं." तिने पेन ड्राइव्ह पुढे केला. "हे तुमचं आहे."

काकांनी तो कॉम्प्युटरला लावला. फाइलींची नावं एकाखाली एक उमटत गेली तसे ते पुढे वाकत गेले. त्यांनी एक उघडली. आडव्या पट्ट्या, वाकड्या रेघा. दुसरी उघडली. ही नर्सने बदललेली होती, निम्म्या वेगाची. त्यांनी ती पूर्ण ऐकली. श्वासही निम्म्या वेगाने, झोपलेल्या माणसासारखा येत होता. ट्रकवाल्याची उघडली. त्याने मधल्या कडव्यात एक सूर इतका वर नेला होता की काकांच्या भुवयाही वर गेल्या. "हे मला जमलं नसतं," ते म्हणाले.

मग त्यांनी दोरीचं गाणं लावलं.

जुन्या काळचं काम होतं ते. ठोकळे दिसत होते, एक-दोन ठिकाणी अक्षर अडखळत होतं. पण 'मला वाटलं' नंतर, 'आला'च्या आधी, एक बारीकसा अडलेला श्वास होता. एकटं असताना कोणी दारात आल्यासारखं वाटलं की छातीत येतो तसा.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. भांडी पुसायचं फडकं हातात तसंच.

"मीच घालवलं," त्या म्हणाल्या. "मीच परत मागितलं. लोकांकडे. तुम्हाला न विचारता."

"मी रागावलो नव्हतो गं," काका म्हणाले.

"मग गप्प का होतात?"

त्यांनी मोठे हात गुडघ्यांवर ठेवले. शब्द शोधायला त्यांना खरंच वेळ लागत होता. "सगळं लोकांकडे आहे हे मला माहीत होतं. पण दिलेलं परत कसं मागायचं? घ्या म्हणून मीच लिहिलं होतं. आता द्या म्हणून कसं लिहू? लाज वाटली. तुला सांगितलं असतं तर तू मागितलं असतंस."

"मागितलंच की!"

"हो. तू मागितलंस."

"काका," दातवाली म्हणाली, "परत कुठे मागितलंत? आमचं आमच्याकडे आहेच. ते काही कमी झालं नाही. उलट बघा ना, गेलं त्यापेक्षा जास्त आलंय." मग तिने तयार करून आणलेलं भाषण सोडून दिलं. "मला गाता येत नाही. तुमच्यामुळे मी गाते. एवढंच सांगायचं होतं."

काकांनी मान हलवली. पुन्हा हलवली. डोळे पुसायला त्यांनी बायकोच्या हातातलं फडकं घेतलं, आणि काकूंनीही ते ओलं फडकं त्यांना घेऊ दिलं.

त्यानंतर दुपार कशी गेली कोणालाच कळलं नाही. बालवाडीच्या बाईंनी मुलांचं गाणं रेकॉर्ड करून पाठवलं होतं, ते लावलं तेव्हा एक मूल मध्येच "माझी पिशवी लाल आहे!" म्हणून ओरडलं आणि काका हसून हसून बेजार झाले. मग त्यांनी दातवालीची फाइल उघडली, नाक पडद्याला लागेल इतकं जवळ जाऊन बघितली आणि विचारलं, "हे 'फ' असे तालाच्या आधी का सरकवलेत?"

"ताल स्वरावर पडतो, काका. 'फ' आधी यायला हवा. आई, जरा 'फूल' म्हणा."

सासूबाईंनी "फूल" म्हटलं.

"आता कवळी काढून म्हणा."

"परक्यांच्या घरी?" सासूबाई म्हणाल्या, पण काढली. आणि पुन्हा म्हटलं: आधी नुसती हवा निघाली, 'ऊ' मागाहून. काका त्यांच्या ओठांकडे असे बघत होते जसे लिफ्टच्या दोराकडे बघत असतील. मग त्यांनी आपल्या जुन्या गाण्यातला एक 'फ' केसभर आधी सरकवला आणि पुन्हा लावून पाहिलं. अडखळणं गेलं होतं.

"इतकी वर्षं हा मला छळत होता," ते म्हणाले. "हे मी घेतलं तर चालेल? सगळीकडे लावीन."

"काका, विचारताय काय!"

"विचारावं," ते म्हणाले. "आणि तुमचं नाव टाकीन."

तिकडे काकू आणि सासूबाई यांचं शब्दांवरून चाललं होतं. काकूंनी दोरीच्या गाण्याला तिसरी ओळ जोडायची ठरवली होती. आता हे घरीच असतात, तर शर्ट हलला तरी कोण येणार? सासूबाईंचं म्हणणं, आता शर्ट वाळत घालणाराच तो असू दे. काकूंना ते फार पटलं. "लिहून घ्या हो," त्या आतून ओरडल्या, "शर्ट आता तुम्ही वाळत घालायचे आहेत!"

"गाण्यात की घरात?" काकांनी बारीक आवाजात विचारलं.

"दोन्हीकडे!"

संध्याकाळची बस केव्हाच गेली होती. दातवालीचा फोन वाजला. नवरा विचारत होता, जेवायला आहात की नाही. तिचे दोन्ही हात की-बोर्डवर होते, म्हणून फोन सासूबाईंनी घेतला.

"नाही, आता सकाळी येतो," त्या म्हणाल्या. कवळी अजून बशीत होती, त्यामुळे 'सकाळी' ऐवजी काहीतरी भलतंच निघालं, पण मुलाला आईची भाषा कळत होती. "तू जेवून घे. इथे एक ओळ बसत नाहीये, ती बसल्याशिवाय आम्ही कोणी उठत नाही."